माप तेच, मग पिवळा गाळ का बसला?

अमळनेरच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडची फिल्म, म्हणजे पातळ थर, चढवतोय. फेब्रुवारीत पिवळीजर्द, घट्ट फिल्म आली. मे महिन्यात त्याच मापाने केलं तर बीकरच्या तळाशी गाळ, आणि पट्टीवरचं बोटाने पुसलं गेलं. सर म्हणतात, "इंटरफेस बघ." म्हणजे नेमकं काय बघू?

भाऊ, सरांचं बरोबर आहे, फक्त तुटक सांगितलंय. इंटरफेस म्हणजे दोन पदार्थ जिथे भेटतात ती सीमा; तुझ्याकडे काच आणि द्रावण. आधी खडीसाखर आठव. पाकात दोरा सोडला की खडे दोऱ्यालाच धरतात. मोकळ्या पाकात नवा कण जन्मायचा तर त्याला चहूबाजूंनी स्वतःचा पृष्ठभाग तयार करावा लागतो, आणि त्याला ऊर्जा लागते. दोऱ्याचा आधार मिळाला की तो खर्च वाचतो. तुझ्या बीकरमध्ये हीच चुरस आहे: कण काचेवर जन्मणार की द्रावणात? कॅडमियम आणि सल्फाइड हळूहळू सुटत राहिले तर काच जिंकते. एकदम सुटले तर द्रावणातच गुठळ्या होतात, खाली बसतात, आणि पट्टीवर जे चिकटतं ते नुसत्या पिठासारखं.

हळू सोडण्याचं काम अमोनिया करतो. तो कॅडमियमला बांधून ठेवतो आणि थोडं थोडं मोकळं करतो. आता मला सांग, अमोनियाची बाटली फेब्रुवारीतलीच आहे ना? अमोनिया उडून जातो; आपल्याकडचा मे, त्यात बाटली दहा वेळा उघडलेली. पिपेटने माप तेवढंच घेतलंस, पण त्यात अमोनिया तेवढा राहिलाय कुठे? माझा पहिला संशय तिथेच. नवी बाटली घे आणि बाथ, म्हणजे द्रावणाचं बीकर, झाकून ठेव.

दुसरा संशय काचेवर. स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात, त्यांना कॅडमियम हायड्रॉक्साइड आधी धरतं आणि त्यावर पुढचं सगळं रचलं जातं. तेलकट काचेवर त्या जोड्या झाकल्या जातात. मी शिकत असताना एक पट्टी घाईत मधोमध अंगठ्याने धरली होती. ७० अंशांच्या बाथमधून तासाभराने काढली तर सगळीकडे पिवळं, आणि मधे स्टॅम्प पेपरवर उठवावा तसा अंगठा, रेघान् रेघ मोजता येईल असा. तेलाचा थर डोळ्यांना दिसतही नव्हता, तरी त्याने फिल्म अडवली. तेव्हापासून पट्टी कडेने, चिमट्यानेच.

तपासायला महागडं यंत्र नको. धुतलेली पट्टी पाण्यातून काढून तिरपी धर. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर काच ठीक. थेंब थेंब झालं तर पुन्हा धू.

बाकी इंटरफेसचं महत्त्व कुठवर जातं म्हणशील, तर दोन उदाहरणं देतो. तुझ्या घरातला पांढरा एलईडी. त्यातलं प्रकाश देणारं गॅलियम नायट्राइड बहुधा कृत्रिम नीलमाच्या चकतीवर वाढवतात, पण दोघांच्या अणूंच्या अंतरात सुमारे १६ टक्के फरक. फरशीच्या मापाशी न जुळणारी फरशी बसवत गेलं की सहा-सात ओळींत सांधा चुकणारच. आकासाकी आणि अमानो या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर घातला, मग त्यावर स्फटिक नीट वाढला. निळ्या एलईडीसाठी शास्त्रज्ञ नाकामुरांसह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. कळीचं काम त्या मधल्या थराने केलं.

दुसरं तर मला अजून गंमतच वाटते. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि लँथॅनम ॲल्युमिनेट, दोन्ही विद्युतरोधक. २००४ मध्ये ओहतोमो आणि ह्वांग या संशोधकांनी दाखवलं की पहिल्यावर दुसरं नीट रचलं तर मधल्या सीमेतून वीज वाहते. अट अशी की खालच्या स्फटिकाचा शेवटचा थर टायटॅनियम ऑक्साइडचा हवा. तो स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा असला तर काही नाही. पदार्थ तेच, फक्त शेवटची अणूंची ओळ वेगळी. वरच्या थराची जाडीही निदान चार एकक पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा), म्हणजे साधारण दीड नॅनोमीटर, लागते. जाडी त्याहून कमी असली तर वहन नाही.

तुझ्या बाथकडे परत येतो. बाटली आणि काच दोन्ही एकाच वेळी बदलू नकोस, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही. आधी नवा अमोनिया, जुनीच धुण्याची पद्धत. आणि तो पिवळा गाळ बेसिनमध्ये ओतला असशील तर तेवढं बंद कर, कॅडमियम विषारी आहे. वेगळ्या डब्यात साठव आणि वर नाव लिही.