माझ्या ७ वर्षांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो पेन्सिल मुठीतच धरतो, शाळेतून रोज तक्रार येते. बोटांची पकड कशी शिकवू?

महिनाभर पेन्सिल कपाटात ठेवून द्या. विशेष मुलांच्या शाळेत शिकवते मी, पालकांना पहिल्याच भेटीत हे सांगते आणि बहुतेकांना ते पटत नाही.

या मुलांचे स्नायू सैल असतात, सांधे नको तेवढे लवचिक आणि बोटं आखूड. अशा हाताला पेन्सिल सावरायला मूठच बरी वाटते. तो हट्ट नाही. ‘नीट धर’ म्हणत तुम्ही त्याची बोटं पेन्सिलीवर बसवाल, पण तुमचा हात बाजूला झाला की पुन्हा मूठ.

आधी तो बसतो कसा ते बघा. पाय लोंबकळत असतील तर अंग सावरण्यातच त्याची निम्मी ताकद जाते. पायाखाली पाट द्या. नाहीतर कपाटाच्या दाराला कागद चिकटवा आणि उभ्यानेच रेघोट्या ओढू द्या. असं लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं, आणि मनगट मागे असलं की अंगठा बोटांसमोर नीट येतो.

मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, दोरीवरच्या रुमालांना चिमटे लावणं, हे तर आहेच. पण माझा सगळ्यात जास्त भरवसा रांगोळीवर. चिमटीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असतं. पेन्सिलीला लागतात तीच तीन. शिवाय पकडण्यापेक्षा थोडं थोडं सोडणं अवघड, आणि ते रांगोळीशिवाय दुसरं काही इतकं छान शिकवत नाही. माझी एक विद्यार्थिनी आधी मूठभर ओतून ढीगच करायची. आम्ही तिच्या करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा बोळा दिला, ‘हा पाडायचा नाही’ म्हणून. तिला तो खेळच वाटला. काही आठवड्यांनी तुटक का होईना, रेघ आली. (हात तोंडात जात असेल तर रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ घ्या. आणि मटार, मणी देताना समोरून हलू नका.)

पेन्सिलीकडे परत याल तेव्हा अख्खी देऊ नका. इंचभर तुटका खडू द्या, त्यावर मूठ मावतच नाही. आपण नेमके तेच तुकडे फेकून देतो!

हे सगळं सैल हातासाठी. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होतो ती अवस्था) हात ताठ असेल तर बोटं ओढून उघडायची नाहीत. मनगट हळूच खाली वाकवलं की ती बरीचशी ढिली पडतात. पण ते आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं करायला शिकवणारे तज्ज्ञ) शिकून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग बहुधा असतो, मुंबईत हाजी अलीला तर केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाच आहे.

आणि शर्टाची बटणं आजपासून त्यालाच लावू द्या. बटण अर्धं काजातून तुम्ही सरकवा, बाहेर ओढायचं काम त्याचं. सकाळी १० मिनिटं लवकर उठावं लागेल, तेवढं बघा.