समुद्राच्या तळाला उंबरठा असतो का?

दादरहून एका वाचकाने विचारलंय: लाल समुद्रावरच्या माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितोय, 'सिल' आणि 'डीप'पाशी गाडी अडली. 'कडा' आणि 'गर्ता' लिहू का?

दोन्ही नकोत. कडा म्हटला की सह्याद्रीचा तुटलेला कडा डोळ्यांपुढे येतो. 'सिल' म्हणजे उलट, तळच वर आलेला असतो. बाब-अल-मंदेब या लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीपासून उत्तरेला, हनीश बेटांपाशी पाणी जेमतेम १३७ मीटर, कोळ्यांच्या मापात पाऊणशे वाव. उत्तरेकडे आत गेलं की हाच समुद्र २,००० मीटरच्याही खाली उतरतो. चाळीतल्या मोरीचा कठडा आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. समुद्रातला हा उंचवटा बाहेरचं खोल पाणी आत येऊ देत नाही. तरी 'कठडा' लिहू नका, लोक हसतील. 'उंबरठा' लिहा. अरबी समुद्राच्या खोल थरांतलं गार पाणी या उंबरठ्याशी अडतं, म्हणून २,००० मीटरवर अरबी समुद्रात तापमान ३ अंशांच्या आसपास, तर लाल समुद्रात, एखादा गरम खळगा सोडला तर, पार तळापर्यंत २१-२२ अंश. वाक्य कसं सहज बसतं बघा.

मात्र इराणच्या आखाताला हा शब्द चिकटवू नका. तिथे होर्मुझकडे तळ खोलच होत जातो, उंबरठा नाहीच. मुळात ते उथळ आहे: सरासरी ३५ मीटरच्या आसपास, आपल्या मुंबई हायच्या तेलविहिरींच्या फलाटांखालच्या पाण्याच्या निम्मंच. (आणि 'आखाती देश'च म्हणा, 'खाडी देश' हिंदी बातम्यांतून शिरलंय. आपली खाडी ठाण्याची नाहीतर माहीमची.)

आता 'डीप'. गर्ता मरियानाची, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. लाल समुद्रात अरबी आणि आफ्रिकी भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताहेत, म्हणजे ती खचदरी. तिच्या तळाशी 'अटलांटिस दोन' या संशोधन जहाजाच्या नावाचा खळगा आहे. त्यातलं पाणी ६० अंशांहून गरम, आणि इतकं खारट की जडपणामुळे वरच्या पाण्यात सहजी मिसळत नाही, तिथेच साचून राहतं. अशा 'डीप'ला 'डोह' नाही म्हणायचं तर कशाला?

'बेसिन'साठी परिभाषेत 'द्रोणी' आहे. छापील मजकुरात चालेल. ऐकताना कुणाला कळणार? निवेदनात सरळ 'लाल समुद्राचा तळ' म्हणा.