‘उद्याच’ आणि ‘टुमॉरो ओन्ली’

प्रश्न : बाई, मी कोलव्याला एका गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शनवर काम करते. परवा एका इंग्लिश बाईंच्या खोलीतला गीझर बिघडला. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, ‘द प्लंबर विल कम टुमॉरो ओन्ली.’ त्या इतक्या चिडल्या की मॅनेजरना बोलवावं लागलं. मॅनेजर म्हणाले, ‘यापुढे ओन्ली हा शब्दच वापरू नकोस.’ माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या आठवल्या. फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘माय ग्रँडमदर इज इन द व्हिलेज ओन्ली’ असं वाक्य आलं की त्या ओन्लीवर लाल रेघ ओढायची आणि पुढच्या वहीकडे वळायचं, हा माझा रोजचा रिवाज. मुलीला सांगायचं असायचं, ‘आजी गावातच असते.’ त्या ‘च’चं काय करायचं हे तिला माझ्या रेघेतून कधीच कळलं नाही. म्हणून आज तुला सगळं नीट सांगते.

तू मनात म्हणालीस, ‘प्लंबर उद्याच येईल.’ म्हणजे लांबणार नाही, लगेच, उद्याच्या उद्या. त्या बाईंनी ऐकलं, ‘प्लंबर उद्याशिवाय येणार नाही.’ तू घाई सांगितलीस, त्यांच्या कानावर उशीर पडला. वेळेच्या शब्दाला इंग्रजीत ओन्ली जोडला की बहुधा असंच होतं. ‘द बस केम ओन्ली ॲट नाइन’ म्हणजे नऊलाच, अगदी वेळेवर आली असं नव्हे. आपण म्हणतो ना, ‘नऊ वाजले, तेव्हा कुठे बस आली’, तो भाव. वेळेच्या बाबतीत ओन्लीचा खरा मराठी भाऊ ‘च’ नाही, ‘तेव्हा कुठे’ आहे. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ याचं मराठी ‘तेव्हा कुठे मला कळलं’ इतकं चपखल बसतं की वर्गात ते सांगताना मला दरवेळी आनंद व्हायचा.

मुळात आपला ‘च’ दोन कामं करतो. एक काम बाकीचं वगळण्याचं : ‘मला दोनच बांगडे द्या’, म्हणजे तिसरा नको. दुसरं काम जोर देण्याचं : ‘इथेच बस थांबते’, ‘मीच सांगितलं’, ‘तो येणारच’. शाळेच्या व्याकरणात आपण त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून शिकतो आणि सोडून देतो. कोकणीतही हाच ‘च’ आहे, ‘हांगाच’, ‘अशेंच’. तेव्हा गोव्यातलं मूल घरी कुठलीही भाषा बोलो, दोन्ही कामं एकाच अक्षराकडून करून घ्यायची सवय त्याला असते. इंग्रजी ओन्ली मात्र पहिलंच काम करतो. त्याच्या पोटातच ‘एक’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लिक’ म्हणजे सारखा, त्यातून तो झाला. एकटं पाडणं हा त्याचा स्वभाव.

ही गोष्ट मला व्याकरणाच्या पुस्तकानं शिकवली नाही. आमच्या शेजारी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या माध्यमिक शाळेत, शिकलेले एक आजोबा राहायचे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरही त्यांची पोर्तुगीज तशीच ताजी होती. मी नव्यानं शिकवायला लागले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी सोप्यावर बसून मला सांगितलं की पोर्तुगीजमध्ये या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. वगळायचं तर ‘सॉ’, जोर द्यायचा तर ‘मेझ्मु’. ‘आकी मेझ्मु’ म्हणजे इथेच, या जागी. ‘सॉ आकी’ म्हणजे फक्त इथे, दुसरीकडे नाही. मराठीत दोन्हीला मी ‘इथेच’ म्हणते, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा ओन्ली टाकून देऊ नकोस. फक्त बोलण्याआधी मनातला ‘च’ कुठला आहे ते बघ. त्याच्या जागी ‘फक्त’ घालून अर्थ टिकला तर ओन्ली खुशाल वापर. ‘फक्त दोन टॉवेल आहेत’ टिकतं. ‘फक्त उद्या प्लंबर येईल’ टिकत नाही. न टिकणाऱ्या ‘च’ला इंग्रजीत एक ठरलेला शब्द नाही, जागेनुसार बदलावं लागतं. ‘उद्याच येईल’ : ‘ही विल बी हिअर टुमॉरो, फर्स्ट थिंग.’ ‘बस स्टॉप तिथेच आहे’ : ‘राइट देअर.’ ‘आठलाच’ : ‘ॲट एट शार्प.’ ‘त्याच दिवशी’ : ‘दॅट व्हेरी डे.’ ‘मीच फोन केला’ : ‘आय कॉल्ड हिम मायसेल्फ.’ ‘मला कळलंच नाही’ : शेवटी ‘ॲट ऑल’. आणि कितीतरी ठिकाणी शब्द लागतच नाही, त्या शब्दावर आवाजाचा भार दिला की काम होतं. सहा-सात वाक्यं रिसेप्शनच्या काउंटरवर लिहून ठेव, पंधरा दिवसांत तोंडात बसतील.

आणखी एक. ‘लाइक दॅट ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’ हे आपल्या देशात इतक्या ठिकाणी बोललं जातं की भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या भाषातज्ज्ञांनी त्याची रीतसर नोंद घेतली आहे. हिंदीतला ‘ही’ आणि गुजरातीतला ‘ज’ही त्यामागे उभे आहेत. मडगावच्या मैत्रिणीशी तू तसं बोललीस तर तिला अर्थ बरोबर पोचतो, आणि माझ्या मते तिथे लाल रेघेची गरज नाही. गीझर बिघडलेल्या पाहुणीला मात्र तो पोचत नाही.

प्रश्न : ओन्ली वाक्यात नेमका कुठे ठेवायचा? माझी मुलगी म्हणते कुठेही चालतो. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : लिहिताना कुठेही चालत नाही. आईच्या हुमणाचं उदाहरण घ्या. ‘ओन्ली माय मदर कुक्स फिश करी ऑन संडेज’ : रांधणारी आईच. ‘माय मदर कुक्स ओन्ली फिश करी ऑन संडेज’ : हुमणच, दुसरं काही नाही. ‘माय मदर कुक्स फिश करी ओन्ली ऑन संडेज’ : रविवारीच, एरवी नाही. ज्या शब्दाला मर्यादा घालायची, त्याच्या अगदी आधी ठेवला की घोळ होत नाही. दारावरच्या ‘स्टाफ ओन्ली’सारख्या पाट्यांत तो मागून येतो, ती पाट्यांची रीत.

बोलताना मुलीचं थोडं खरं आहे. इंग्रज लोक तो सहज क्रियापदाआधी टाकतात आणि आवाजानं अर्थ दाखवतात. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात यावर बोट ठेवलं होतं : ‘मी तीनच शब्द बोललो’ म्हणायचं तर ओन्ली ‘तीन’ला चिकटून हवा. १९२६ साली हेन्री फाउलर यांनी इंग्रजी शब्दप्रयोगांवरच्या आपल्या कोशात उलट बाजू घेतली. अर्थ स्पष्ट असेल तर जागेवरून लोकांना छळू नये, असं त्यांचं म्हणणं. मी बोलण्यात फाउलरांच्या बाजूची, परीक्षेच्या पेपरात लाउथांच्या.

प्रश्न : चेकवर रकमेच्या शेवटी ओन्ली का लिहितात? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : पुढे कुणी आणखी शब्द जोडून रक्कम वाढवू नये म्हणून. मराठीत आपण ‘अक्षरी रुपये पाच हजार मात्र’ लिहितो, तेच काम. हा ‘मात्र’ मला फार आवडतो, कारण ओन्लीची दुसरी एक बाजूही त्याच्यात आहे. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो लीव्ह.’ इथे ओन्ली म्हणजे ‘पण’. मराठीत म्हणा, ‘आले असते, मात्र रजा नाही.’ रक्कम बंद करायला आणि वाक्याला वळण द्यायला दोन्ही भाषांनी एकेकच शब्द ठेवला आहे.