पापनिवेदनाला बरीच वर्षं झाली असतील तर

प्रिय मित्रा,

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतलीस, शुक्रवारी मटणही सोडलंस, पण पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला, जायला पाय उचलत नाही, असं लिहिलं आहेस. ईस्टरआधीचा हा उपवासकाळ सरायच्या आत जाऊन ये. पवित्र आठवड्यावर, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यावर, ढकलू नकोस. तेव्हा रांगा लांबतात आणि फादरांना निवांत ऐकता येत नाही.

आदल्या रात्री दहा आज्ञा एकेक करून वाच, प्रत्येकीपाशी थांब. गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, हे सांगावं लागतं. ‘मी तापट आहे’ हा झाला स्वभाव. ‘रागाच्या भरात भावावर हात उचलला, दोनदा’ हे निवेदन. आकडा आठवत नसेल तर ‘आठवड्यातून एकदा तरी’ म्हण. भावाने आधी काय केलं, ते मात्र तिथे काढू नकोस. वाईट विचार मनात आला आणि तू त्याला थारा दिला नाहीस, तर ते पाप नव्हे.

लाज वाटणारच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय उघड. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परतायचं ठरवताना बापाला सांगायच्या तीन गोष्टी जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला चाकर म्हणून ठेवा. बापासमोर तो पहिल्या दोनच बोलतो. चाकरीची गोष्ट तोंडातून निघायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. तोही मुलगा दूर दिसताच धावत गेलेला बाप! तुझ्या वर्षांचा हिशेब मांडत कोणी बसलेलं नाही रे.

आत गेल्यावर आधीच सांग, ‘फादर, फार वर्षांनी आलोय, मदत करा.’ पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसली तर ते म्हणवून घेतील. एखादं पाप विसरलास तर तेही माफ होतं. गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांग. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलंस तर मात्र सगळं निवेदन वाया जातं. दिलेलं प्रायश्चित्त देवळातून निघण्याआधीच करून टाक, घरी गेल्यावर राहून जातं. कोणाचे पैसे बुडवले असतील तर ते परत करावेच लागतील.

तेच पाप पुन्हा घडलं तर महिन्याभराने पुन्हा जा. लूकच्या 13व्या अध्यायातला माळी तीन वर्षं न फळलेल्या अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो, ते त्याच्याभोवती खणायला आणि खत घालायला. वारंवार केलेलं निवेदन हेच ते खणणं.

शनिवारी संध्याकाळी मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, फादर निवेदन ऐकायला बसतात का, ते तुझ्या धर्मग्रामात, म्हणजे तुझ्या भागातल्या चर्चमध्ये, विचार. नसतील तर फोन करून वेळ मागून घे.