तो ‘पुरे’ म्हणणार नाही

प्रिय,

बावीस किलोमीटर, दोन दिवस, मध्ये एक मुक्काम आणि सोबत अकरा महिन्यांचा लॅब्राडॉर. तुझा बेत मी दोनदा वाचला. सरळच सांगते, हा ट्रेक या वर्षी त्याला घेऊन करू नकोस. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं टोकांशी जिथून वाढतात, तो भाग पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त. तोवर लांब उतार आणि दगडांवरून उड्या त्याच्या सांध्यांना सोसत नाहीत. व्हेटला दाखव, सांधे तपासून घे आणि हे वर्ष तयारीला दे.

‘त्याला दमायला होतच नाही,’ असं तू लिहिलंस. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लांबणार आहे.

माझ्या पहिल्या कुत्रीबद्दल मलाही असंच वाटायचं. एकदा आम्ही खडकाळ वाटेने जवळजवळ नऊ तास चाललो. ती दिवसभर माझ्या पुढे, शेपूट वर, दर वळणावर थांबून मागे बघायची. लंगडली नाही, बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेचना. पंजे उलटून पाहिले तर गाद्यांची वरची कातडी सोलून निघाली होती. ती जखम घेऊन ती कितीतरी तास माझ्याबरोबर चालली होती, कारण मी चालत होते. पुढे दहा दिवस तिचे पाय धुताना आणि बांधताना मला जे कळलं तेच तुला सांगते आहे. कुत्रा ‘पुरे’ म्हणत नाही. ते त्याच्या वतीने तुला म्हणावं लागतं, आणि बहुतेक वेळा घरी बसून, निघण्याच्या आधी.

म्हणून बेत आखताना माथ्यापासून सुरुवात करू नकोस, परतीपासून कर. किती वाजता मागे फिरायचं ते कागदावर लिही. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला फिरायचं. अंतर हळूहळू वाढव: आधी तीन किलोमीटर, मग पाच, मग थोडा चढ. तो कसा चालला याचा निकाल त्याच दिवशी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंग आखडलंय का, पंजे चाटत बसतो का, जिना चढायला कुरकुरतो का, ते बघ. गाद्यासुद्धा अशाच हळूहळू निबर होतात. कुत्र्यांचे बूट मिळतात, पण आधी घरात घालून सवय कर.

सगळ्यात जास्त भीती मला उन्हाची वाटते. आपल्याला अंगभर घाम येतो. त्याला घाम येतो तो पंजांना, तोही नावापुरता. उन्हात बहुतेक उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. हवा दमट असेल तर तेही नीट जमत नाही, आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मुळातच जमत नाही. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी गाठ असते. त्याच्या कितीतरी आधी खुणा दिसतात. नेहमी पुढे असणारा मागे पडतो, प्रत्येक झाडाखाली थबकतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ घट्ट आणि चिकट होते. पहिल्या खुणेलाच थांब. झोकांड्या जायला लागला, ओकला, नजर हरवली, तर जागच्या जागी अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाल आणि मग दवाखाना गाठ. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नकोस. तो लगेच तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. निघतानाही जमिनीला हाताची पालथी बाजू लावून बघ. सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या जमिनीवर त्याचे पंजे नकोत.

पाण्याचा हिशेब तसा सोपा आहे. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला निदान एक लिटर. चढावर आणि उन्हात ते दुप्पट-तिप्पट होतं. वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नकोस. साचलेल्या डबक्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्याची आणि रेबीजची लस वेळेवर झालेली असू दे. दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पाज. पोटभर खाऊ घालून लगेच चढायला लावू नकोस, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. तुझ्या खाऊतले मनुके आणि चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे, आणि तुझ्या पिशवीतल्या वेदनाशामक गोळ्याही.

जायच्या आधी त्या जंगलात कुत्रा न्यायला परवानगी आहे का ते विचार. पुष्कळ संरक्षित जंगलांत नसते, आणि ते बरोबरच आहे. त्याचा नुसता वासही तिथल्या प्राण्यांना बिथरवतो. परवानगी असली तरी पट्टा सोडू नकोस. ‘तो बोलावल्यावर येतो’ हे समोर ससा उठेपर्यंतच खरं असतं. पट्टा गळ्यातल्या कॉलरला न लावता हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना लाव, पाठीवर धरायला मूठ असलेला हार्नेस घे. समोरून लोक आले की वाटेच्या कडेला हो आणि त्याला जवळ बसव. कुत्र्यांना घाबरणाऱ्या माणसाला तुझा कुत्रा प्रेमळ आहे हे कसं कळणार? त्याची शी पिशवीत भरून परत आण. घरी आल्यावर कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोध. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढ.

आणि एक परीक्षा, जी मी प्रत्येकाला द्यायला लावते. त्याला उचल आणि चाल. पाय मोडला, साप चावला, तर त्याला चालवायचं नसतं, उचलून न्यायचं असतं. सापाच्या दंशावर करकचून बांधायचं नाही, कापायचंही नाही, फक्त शक्य तितकं हलू न देता दवाखान्यात न्यायचं. तुझा कुत्रा आता पंचवीस किलोंचा असेल. त्याला घेऊन तू किती अंतर उतरशील? जेवढं जमेल त्यावरून एकट्याने जायचं की कुणाला सोबत न्यायचं ते ठरव. उचलून न्यायच्या झोळ्या मिळतात, एक घे आणि घरीच त्याला तिची सवय लाव. वेदनेत असताना तो तुलाही चावू शकतो, म्हणून तोंड बांधायला मऊ पट्टी जवळ असू दे.

रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, त्याला तीन किलोमीटर फिरवून आण. सोमवारी सकाळी तो कसा उठतो ते बघ आणि मला लिही. पंजांचे फोटोही पाठव, चारही.

तुझी,
मावशी