शब्दांची विचारपूस: कंपूशाही

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या अहवालात 'गटबाजी' लिहावं की 'कंपूशाही'? दोन्ही एकच का? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर: एकच नव्हेत. गटबाजीला किमान दोन गट लागतात, त्यांच्यात चुरस लागते. कंपूशाहीला एकच कंपू पुरतो: पाच-सहा जण आपसात ठरवतात, बाकीच्यांना निर्णय झाल्यावर कळतं. तुमच्याकडे सभेआधीच कंत्राट ठरत असेल, तर कंपूशाहीच लिहा.

'कंपू' मूळचा लष्करी शब्द, पोर्तुगीज 'कांपो' म्हणजे छावणी यावरून आलेला. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द ब्वान्य या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींनाही कंपूच म्हणत. छावणीला कुंपण असतं, आत-बाहेर असतं. आजच्या अर्थात ते अजून जाणवतं.

शब्द पुल्लिंगी, अनेकवचनही कंपूच. लाडूचं 'लाडवाचा' होतं, पण 'कंपवाचा' नाही. चाकूसारखं 'कंपूचा', 'कंपूत'. 'कंपुशाही' असा ऱ्हस्व उकार हमखास पडतो, तो चूक. कंपूशाही मात्र स्त्रीलिंगी.

वापरताना एक जपा. सोलापुरात कारखान्यात चौघं तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत बसली की कुणीतरी पटकन 'कंपू' म्हणतं. हे अन्यायाचं आहे. आपल्या भाषेत गप्पा मारणं म्हणजे घोळका, फार तर गोतावळा. पाळ्या कुणाला द्यायच्या हे तिथंच ठरू लागलं आणि पाचव्याला विचारलंच नाही, तर मग भाषा कुठलीही असो, तो कंपू.