उत्तरेकडे निघण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रवासाचा आराखडा काल रात्री दोनदा वाचला. मेलबर्न, ॲडलेड, ॲलिस स्प्रिंग्स, कॅथरीन, डार्विन, काकाडू, मग पश्चिमेला कुनुनुरा, ब्रूम आणि परत. सहा आठवडे, दोन मुलं, सासूबाई आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीमागे जोडलेली कॅरव्हान. छान बेत आहे, आणि तू मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. पण ब्रूम काढून टाक. हे आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

हिशेब मांडून बघ. ब्रूम धरून जाऊन-येऊन सुमारे १०,६०० किलोमीटर होतात. कुनुनुराहून मागे फिरलात तर सुमारे ८,५००. मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना कॅरव्हान घेऊन दिवसाला ३५० किलोमीटर पुष्कळ झाले. म्हणजे ब्रूम धरलंत तर ४२ दिवसांतले ३० नुसते गाडीत जाणार. कुनुनुरा ते ब्रूम हे अंतर मुंबई-नागपूरपेक्षाही जास्त आहे आणि मधे हॉल्स क्रीक आणि फिट्झरॉय क्रॉसिंग ही दोनच म्हणण्यासारखी गावं. वाचलेले दिवस आराखड्यात मोकळे सोड, दुसऱ्या कशानं भरू नकोस. उत्तरेत माणसाच्या हातून जी चूक होते ती बहुतेक वेळा उशीर झाला म्हणून होते. 'आज तिथे पोहोचायलाच हवं' म्हणून संध्याकाळी गाडी चालवली जाते आणि नेमके तेव्हाच कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. तिकडच्या मोठमोठ्या स्टेशनांना, म्हणजे गुरं पाळण्याच्या विस्तीर्ण मळ्यांना, कितीतरी ठिकाणी रस्त्याकडेला कुंपणच नसतं. साडेचारच्या आत मुक्कामाला लागायचं, हा नियम सगळ्यांसमोर ठरवून टाक.

आता वजनाबद्दल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे फार महागात शिकावं लागलं असतं.

तुमच्या कॅरव्हानवर एक पत्र्याची पाटी असेल. तिच्यावर रिकाम्या कॅरव्हानचं वजन आणि सामानासकट जास्तीत जास्त किती चालेल ते वजन, असे दोन आकडे असतात. समजा २,२०० आणि २,६०० आहेत. म्हणजे तुमच्या हातात ४०० किलो. ८० लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या भरल्या की १६० गेले. उरलेल्या २४० किलोत गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी, अंथरुणं, मुलांच्या सायकली, खुर्च्या आणि आपलं वाणसामान. आपल्या लोकांचं वाणसामान किती असतं हे मी तुला सांगायला नको.

एकूण वजन जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. गाडीच्या हुकावर कॅरव्हानच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडायला हवा. मागच्या टोकाला जड सामान भरलं की पुढचं टोक हलकं होतं आणि कॅरव्हान वेगात असताना हेलकावे खायला लागते.

आमच्याकडून हेच झालं होतं. पहिल्या खेपेला मी मागच्या पलंगाखाली तांदळाची वीस किलोची गोणी, डाळींचे डबे आणि डबाबंद टोमॅटोची पेटी ठेवली होती. जागा मोकळी दिसली म्हणून ठेवली, एवढंच. उत्तरेतल्या ॲडलेड रिव्हर आणि पाइन क्रीक या गावांच्या मधे समोरून रोड ट्रेन आली. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार डबे जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब. ती बाजूने गेली तेव्हा आधी हवेनं ढकलल्यासारखं झालं आणि लगेच ओढल्यासारखं. मी डाव्या आरशात बघत होते. आरशात कॅरव्हानची सबंध डावी भिंत दिसली, मग दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली, पहिल्यापेक्षा जास्त. ह्यांचा पाय ब्रेककडे गेला होता. पण निघताना एका जुन्या ट्रकवाल्यानं बजावलं होतं ते त्यांना आठवलं: गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि डॅशबोर्डखालच्या, कॅरव्हानच्या ब्रेकसाठीच्या कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त कॅरव्हानचे ब्रेक लावायचे. त्यांनी तसंच केलं. कॅरव्हान मागून ताणली गेली आणि सरळ झाली. पुढे रुंद जागा मिळाल्यावर आम्ही थांबलो. अर्धा तास दोघंही काही बोललो नाही. मग मी गोणी ओढून चाकांच्या वरच्या बाजूला आणली.

ती कळ कुठे आहे हे तुझ्या नवऱ्याला न बघता हाताने सापडलं पाहिजे. तुलाही, कारण तूही चालवणार आहेस. चालव. आठवड्याभरात सगळं एकट्यावर टाकलं की माणूस चिडचिडा होतो आणि दमतो.

एखाद्या रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये कॅरव्हान मागे घेण्याचा सराव करा. एकाने मागे उभं राहून खुणा करायच्या. कोणत्या हाताचा अर्थ काय ते आधी ठरवा. नाहीतर भर अंधारात, लोक बघत असताना, मुलं भुकेली असताना नवराबायकोचं भांडण होतं आणि ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतं. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, रिकामी करण्याचं कामही घरी असतानाच वाटून घ्या. आपल्या घरांत हे काम कुणी बोलून वाटत नाही आणि मग ते एकाच्याच गळ्यात पडतं.

कपड्यांचं सांगते. तुम्ही जून-जुलैत जाताय, ते बरोबर आहे. पण 'उष्ण कटिबंधात चाललोय' म्हणून नुसते सुती कपडे भरू नकोस. मकरवृत्त ॲलिस स्प्रिंग्सच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे आणि त्या भागात जुलैतल्या काही रात्री पारा शून्याखाली जातो. सासूबाईंसाठी जाड रजई हवी. डार्विनला पोहोचलात की मात्र दिवसा तीस-बत्तीस, आकाश निरभ्र, आणि महिनाभर पाऊस नाही. तिथे उतरल्यावर मला मेलबर्नपेक्षा कोकणच जास्त आठवलं. एक पावसाळा आणि एक कोरडा काळ, असं वर्ष आपल्या अंगात मुरलेलं असतं. काकाडूतले मूळ रहिवासी, बिनिंज लोक, मात्र वर्षाचे सहा ऋतू मानतात. तुम्ही जाल तेव्हा येग्गे संपून वुर्गेंग लागलेला असेल, म्हणजे थंड हवा आणि आटत चाललेली पाणथळं. त्या दिवसांत रस्त्याकडेला गवत पेटलेलं दिसेल आणि वर घारी फिरत असतील, आपल्याकडच्याच जातीच्या घारी. ते गवत बऱ्याचदा मुद्दाम, ठरवून जाळलेलं असतं, म्हणजे पुढे कडक उन्हाळ्यात मोठा वणवा पेटत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेव, घाबरणार नाहीत.

पाणी. यावर मला तुझ्याकडून शब्द हवा आहे.

खाऱ्या पाण्यातली मगर या नावावर जाऊ नकोस. ती नदीत असते, गोड्या पाण्याच्या तळ्यात असते, समुद्रकिनाऱ्यावरही असते. नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ साली तिची शिकार बंद झाली आणि तेव्हापासून तिची संख्या भरपूर वाढली आहे. नियम साधे आहेत: पाण्याच्या कडेपासून पाच मीटर लांब राहायचं, तंबू किंवा कॅरव्हान पन्नास मीटर लांब, एकाच जागी रोज भांडी धुवायला जायचं नाही. मगर लक्ष ठेवते आणि तिला वेळ कळते. पोहायचं ते फक्त उद्यानवाल्यांनी 'खुलं' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी. डार्विनजवळच्या लिचफील्ड उद्यानातला फ्लॉरेन्स धबधबा, बुली रॉकहोल, पाटी असेल तर वांगी धबधबा. दुसरं कुणी पोहताना दिसलं, हे कारण चालणार नाही. पाटी नसेल तर मुलांचे पाय ओले होता कामा नयेत, आणि हे कोण ठरवणार त्या एका माणसाचं नाव निघण्याआधी ठरवा. त्या माणसाशी तिथे वाद घालायचा नाही.

सासूबाईंना नदी दिसली की हळदकुंकू वाहावंसं वाटेल. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं. कॅथरीनजवळच्या निटमिलुक घळीत बोटीतून फिरताना त्यांनी बसल्या जागी हात जोडले, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांना आधीच नीट समजावून सांग, काठावर ऐनवेळी ओरडू नकोस.

काठाची हौस फेडायची तर कॅथरीनच्या अलीकडे माटारंकाला दोन रात्री राहा. तिथल्या झऱ्याचं पाणी बारा महिने ३४ अंशांच्या आसपास असतं. जवळच बिटर स्प्रिंग्स आहे. पाटी खुली असेल तर शिडीवरून उतरायचं, तरंगायला एक फोमची नळी बगलेत धरायची आणि प्रवाह हळूहळू पुढे नेतो. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत हलताना दिसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून बाहेर यावंसं वाटत नाही.

काकाडूला चार दिवस दे. तिथल्या उबीरला सूर्यास्तासाठी सगळे जातात, तू दुपारी चारलाच जा आणि आधी खडकांवरची जुनी चित्रं बघ. बारामुंडी माशाचं चित्र असं काढलंय की आतला कणासुद्धा दिसतो. वर एका कड्यावर थायलसिनचं चित्र आहे, पट्टेवाला प्राणी, जो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कुणीतरी तो जिवंत बघून काढला, हे मुलाला तिथेच उभं करून सांग. जिथे फोटो काढू नका असं लिहिलंय तिथे फोन खिशात ठेवा, आपल्या गाभाऱ्यात ठेवतो तसा. काहिल्स क्रॉसिंग या नदी ओलांडायच्या फरशीजवळ मगरी बघायच्या त्या सज्जावरून. त्या फरशीवरून भरतीचं पाणी जातं, पलीकडे आर्नहेम लँड या मूळ रहिवाशांच्या प्रदेशासाठी परवाना लागतो, आणि कॅरव्हान तिकडे न्यायचीच नाही.

डार्विनच्या बाजूला चिंचेची झाडं दिसतील. सुलावेसी बेटावरचे मकासार खलाशी समुद्रकाकडी (हा एक सागरी प्राणी) गोळा करायला या किनाऱ्यावर येत. येताना चिंच आणत आणि तळाच्या जागी बिया पडून झाडं उगवली. १९०७ पर्यंत ते येत होते. सासूबाईंना तिथे थोडा वेळ बसू दे.

कॅथरीनहून कुनुनुराला जाताना टिंबर क्रीकजवळ बोआबची झाडं सुरू होतात. आपल्याकडच्या गोरखचिंचेचं सख्खं भावंड. तिथल्या एका झाडावर ग्रेगरी या संशोधक-प्रवाशाच्या मोहिमेनं १८५६ साली कोरलेली तारीख अजून दिसते. त्याच मुक्कामी फ्रीज रिकामा कर. पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर गाडी तपासतात, ताजी फळं, भाज्या आणि मध पुढे जाऊ देत नाहीत. कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबीर, सगळं आदल्या रात्रीच्या फोडणीत घाल. घड्याळ दीड तास मागे जाईल, त्यामुळे सकाळी मुलं फार लवकर उठतील.

फोनला मैलोन्‌मैल रेंज नसते. गाडीतून गाडीशी बोलायचा यूएचएफ रेडिओ बसवून घ्या, ट्रकवाले चॅनेल ४० वर बोलतात. मागून रोड ट्रेन येत असेल तर 'तुम्ही पुढे जा' असं सांगता येतं आणि तो माणूस आभार मानून जातो. डिझेल अर्ध्यावर आलं की दिसेल त्या रोडहाउसला, म्हणजे रस्त्यावरच्या पेट्रोलपंप-खानावळीला, भरा. पिण्याचं पाणी टाकीशिवाय वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, आणि ते वजनात धर.

सामान भरून झालं, टाक्या भरल्या, सगळी माणसं गाडीत बसली की कॅरव्हान जोडून वजनकाट्यावर जा. पावतीचा फोटो मला पाठव. आकडे बघून मी फोन करते, मग कुठला डबा कुठे ठेवायचा ते बोलू.

तुझी,
काकू